खोडरबर

दागनिया पहिल्यांदा आली तेव्हा एकोणीस वर्षांची,
आणि मी तिला खुर्च्या मोजायला लावलं.
बासष्ट होत्या. तिने त्रेसष्ट सांगितल्या,
दारामागची माझी धरून.

लिएपायाच्या या सभागृहात मी स्वरलिप्या सांभाळतो.
ज्याची त्याची पानं ज्याच्या त्याच्या स्टँडवर,
आणि कार्यक्रम संपला की
पेन्सिलीच्या खुणा खोडायच्या.
कंडक्टर निघून जातात,
त्यांचा भुगा माझ्या बाहीवर उरतो.

तिची आई कारखान्यात मासे डब्यांत रचायची.
लेकीच्या हातात काठी आली तशी म्हणाली,
एवढ्या जणांत आवाज न करणारी तू एकटी,
आणि पगार तुला?
पगार नव्हताच तेव्हा.
समूहगायनाच्या तालमी, कुणाकुणासाठी कॉफी,
बाल्कनीतून ओरडायचं: ट्रंपेट जास्त होतोय!
कौनासच्या स्पर्धेत दुसऱ्याच फेरीत बाद.
परीक्षकांचा शेरा एका ओळीचा:
हात फार सुंदर आहेत.
ती तो शिवीसारखा सांगायची.

मग त्या फेब्रुवारीत
ओस्वाल्ड्स सरांना दुपारी चारला ताप चढला.
साडेसातचा कार्यक्रम.
त्यांचीच प्रत मी तिच्यापुढे ठेवली,
खुणांनी रान माजलेली.
खोडायला वेळ कुठे होता.
तिसऱ्या भागात, ओबोच्या एकट्या ओळीवर,
त्यांनी लिहिलेलं: इथे काही करू नकोस.
स्वतःलाच.
चाळीस वर्षं, आणि तरी दर वेळी करायचे.

मी दाराच्या फटीतून बघत होतो.
तिचे हात खाली आले,
ते फार सुंदर हात,
कोटाच्या शिवणीला टेकले.
ओबोवाल्या गुंटार्सने वर पाहिलं, गडबडला,
मग एवढा श्वास ओढला
की मला वाटलं, बंदराकडचं दार उघडं राहिलं.
बत्तीस मात्रा.
मी मोजल्या.

पुढचं सगळं छापून आलंय:
बर्गन, झाग्रेब, एजंट,
विमानतळावर कुणीतरी काढलेला फोटो,
त्यात कोटाचं बटण चुकीच्या काजात.

परवा फोन आला, कुठल्याशा हॉटेलातून.
आधी आईच्या गुडघ्यांची चौकशी,
मग म्हणाली, सरांचं ते खोडलंत?
दुसऱ्याच दिवशी, म्हटलं. कामच आहे माझं.
हसली.
दिसत असेल अजून, फार दाबून लिहायचे ते.

फोन ठेवला.
पान काढलं,
दिव्याखाली तिरपं धरलं.