इंचाला किती टाके

गळ्यात टेप तशीच ठेवून जातो मी जिमला,
अमळनेरच्या बंद जिनिंगमागे, पत्र्याच्या शेडमध्ये,
जिथे अजून सरकीचा वास येतो
आणि मे महिन्यात लोखंडी दांडा
फडक्यानं धरावा लागतो.

अडतिसाव्या वर्षी सुरू केलं.
मशीनवर वाकून पाठीची कमान झालेली,
दंड साडेअकरा.
पहिले तीन महिने आठवड्याला सहाच सेट
आणि टेप सव्वाबारावर.
मी हिशेबी माणूस.
सहात पाऊण इंच,
तर बारात दीड, चोविसात तीन.
दिवाळीला सव्वापंधरा,
असं पावतीपुस्तकाच्या मागे लिहूनही ठेवलं.

चोवीस मारले.
टेप बारावर आली.
रात्री कोपर ठणकायचं,
सुईत दोरा ओवताना हात असा थरथरायचा
की मुलगी ओवून द्यायची
आणि एका दोऱ्याचा एक रुपया घ्यायची.
मग पारोळ्याच्या एका नवरदेवाच्या शेरवानीची
डावी बाही दीड इंच आखूड कापली गेली.
कापड भरून दिलं. बाराशे रुपये मीटर.

सुपडूदादा एके काळी कुस्ती खेळायचे,
आता लोकांनी टाकलेली वजनं
उचलून जागेवर ठेवतात.
त्यांनी माझी वही चाळली,
चष्मा कपाळावर सरकवला:
"कितला मारशी? आंग झोपमा वाढस भो, आठे नही."
आणि पंधरा दिवस मला शेडचं दार बंद.

त्या रिकाम्या संध्याकाळी
आमच्या मास्तरांची आठवण आली.
इंचाला पाच टाके घातले तर शिवण उसवते, म्हणायचे,
तीस घातले तर कापडच जातं,
भोकांवरून, पोस्टाच्या तिकिटासारखं.
मग घालायचे किती?
कापड हातात घे, म्हणाले.
मलमल आहे की मांजरपाट, ते बोटाला विचार.

आता दहा. कधी बारा.
लग्नसराईत आठ, आणि त्याची लाज नाही.
पण दहातला प्रत्येक असा,
की शेवटी डंबेल वर जाताना कानात शिट्टी वाजावी.
लोटन कोळी, एकोणीस वर्षांचा, सहा सेटवर फुगतो.
देवरे सर सोळा पचवतात
आणि वर नववी-ब पण.
मी कुणाच्या वहीत डोकावत नाही.
रात्री कळण्याची भाकरी, ठेचा, तीन अंडी,
आणि साडेदहाला दिवा बंद.
हा अकरावा सेट, बायको म्हणते,
यात तू घोरतोस.

परवा जुना चौकड्याचा शर्ट
दंडात अडकला.
टेप खुंटीला होती, घेतली नाही.
बाही उलटी केली तर
शिवणीत अर्धा इंच माया सोडलेली,
मीच, लग्नाच्या आधी कधीतरी,
कुठल्या आशेनं कुणास ठाऊक.
ब्लेड घेऊन दारात बसलो
आणि टाके उसवत गेलो.
मोजले नाहीत.