लाभार्थी

एकवीस वर्षं मी कंपनीचं दातृत्व सांभाळतो आहे.
म्हणजे नक्की काय, हे आईला शेवटपर्यंत उमगलं नाही.
"दुसऱ्याचे पैसे तिसऱ्याला देतोस,
आणि पगार तुला?"
एवढं विचारून ती पुन्हा रातांबे फोडायला लागायची.

पैसे द्यायला इतकं लिहावं लागतं
हे मलाही उशिराच कळलं.
सामंजस्य करार, तीन प्रती.
उपयोगिता प्रमाणपत्र, संस्थेच्या गोल शिक्क्यासह.
फोटो : आधीचा, नंतरचा, आणि एक हसतानाचा.
मार्च जवळ आला की पैसा उतू जातो,
एप्रिलात घागरीचा तळ खरवडावा लागतो.

संस्थेच्या नीलाक्षी तोडणकर
गुहागरहून स्कूटरवर यायच्या,
गळ्यात पाहुण्यांचा बिल्ला घालून
दोन-दोन तास खाली बसायच्या.
मी त्यांना हळूहळू आमची भाषा शिकवली.
बर्फाला शीतसाखळी म्हणायचं.
कालवं फोडायच्या कोयत्यांना उपजीविका-साधनं.
ओहोटीच्या चिखलात चार तास वाकून
जी कंबर धरते,
तिला रकाना नव्हता.
त्या म्हणाल्या, "मग ती सोडून देऊ."
आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं.

तांबळबंदरावर बर्फघर उभं राहिलं.
पुण्याहून साहेब आले, फीत कापली,
बारा फुटी फ्लेक्सवर कंपनीचं कमळासारखं चिन्ह,
साहेब मध्ये, कडेला मी, अर्धा खांदा कापलेला.

सहा महिन्यांनी मूल्यमापनाला गेलो
तर तो फ्लेक्स वाळूत पसरलेला,
त्यावर जवळा वाळत घातलेला.
साहेबांच्या कपाळावर एक कावळा
सावकाश निवडून खात होता.
मी फोटो काढला नाही.
खरं तर काढला, मग पुसून टाकला.

गटाच्या रुकैया सोलकर बर्फघराच्या पायरीवर
तिसऱ्या धूत होत्या. मान वर न करता म्हणाल्या,
"लाभार्थी किती लिवले?"
"एकशे चाळीस."
"त्यात तुमी धरलाव का?"
मला वाटलं थट्टा आहे. मी हसलो.
त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत,
बाजारात सुटे मोजावेत तशा बोलत राहिल्या :
"तुमच्या कारखान्याचं पानी
तीस वर्सं आमच्या खाडीत सुटतं.
खाडीनं कदी पावती मागली नाय.
तुमची पोरं शिकली त्याच्यावर. शिकूदेत.
फक्त मोजताना मोजा."

मी म्हणालो, बघतो.
एकवीस वर्षांत हा शब्द
मी सगळ्यात जास्त वापरला आहे.

निघताना त्यांनी गाडीच्या खिडकीतून
एक स्टीलचा डबा आत ठेवला,
झाकणावर खिळ्यानं कोरलेलं र. सो.
त्यात शिजवलेल्या तिसऱ्या, ओल्या नारळात.
चिपळूण येईपर्यंत ड्रायव्हर आणि मी मिळून संपवल्या,
शिंपले मोजले नाहीत.

रात्री अहवाल भरला.
लाभार्थी संख्या : एकशे चाळीस.
बोट थोडा वेळ चारवर थांबलं, मग पुढे गेलं.
अहवाल मंजूर झाला.

डबा अजून माझ्या टेबलावर आहे,
करारांच्या फायलींशेजारी, घासून लख्ख.
रिकामा डबा परत करायचा नसतो,
हे आईनं शिकवलंय.
त्यात काय घालून द्यायचं
ते मात्र कुठल्याच प्रशिक्षणात नव्हतं.