कसर

आधी झटकायची, मग पाण्याचं बघायचं.
गच्चीच्या कठड्यावर उलटी टाकून,
झाडूच्या दांड्यानं, पण अंगात आल्यासारखं नाही.
वर्षाची धूळ निघते: पाथर्डी फाट्याची,
पापडाच्या पिठाची, मांजरीचे केस, एक टाचणी,
आणि खूप खाली, अजूनही, मेंढी.

पाणी नळाचं, थंड.
गंगेवर न्यायची नाही, तिथं आधीच सगळ्यांचं सगळं धुतलं जातंय.
कोमट पाण्यात लोकर आखडते,
आणि एकदा आखडली की
कुणाच्या बापाची समजूत ऐकत नाही.
रिठे रात्री भिजवायचे. पिळायचं नाही,
तळव्यांनी दाबायचं, तापातल्या पोराचं अंग दाबतात तसं.
मग सावलीत आडवी.
मार्गशीर्षातलं ऊन नुसतं दाखवायचं, खाऊ घालायचं नाही.
घडीत कडुलिंबाचा पाला. कपाट. कुलूप.

एकवीस वर्षं मी हे असं करते,
इंदिरानगरात, तिसऱ्या मजल्यावर.

आई नांदूर शिंगोट्याला नर्सबाई होती.
सत्त्याऐंशीच्या थंडीत, कंदिलाच्या उजेडात,
ठकाजी सांगराच्या घरी पायाळू मुलगी सोडवली.
पैसे घेतले नाहीत. पंधरा दिवसांनी
तो ही काळी घोंगडी खांद्यावर टाकून आला,
चिंचोक्याच्या खळीनं पुठ्ठ्यासारखी कडक.
बायको म्हाळसा, आणि मुलीचं नाव ठेवलं बानू.
'घरातच सवत आणली की रं!' म्हणून गाव हसलं,
म्हाळसा सगळ्यात जास्त.

यंदा कुलूप उघडलं तर
मधोमध रुपयाएवढं भोक.
कसर.
किड्याचं नाव कसर, उणिवेचंही कसर,
एका शब्दात दोन्ही भागवले.
आपल्या भाषेची काटकसर.

कॉलेज रोडचा ड्रायक्लीनर म्हणाला,
'मॅडम, नवीन का घेत नाही?'

बानू अंबडला स्विचच्या कंपनीत, पॅकिंगला.
नंबर मिळवायला चार फोन लागले.
रविवारी आली, स्कूटीवरून,
पर्समध्ये दिराच्या मेंढराची मूठभर लोकर.
'माग मला येत नाही, ताई.
बापानं तो सरपणाच्या भावात दिला.'
पण मांडीवर वळून सूत काढलं,
हेल्मेट उपडं ठेवलं, त्यावर भोक ताणलं,
आणि गोधडीच्या सुईनं भरत बसली.
काळं सूत नव्हतं. होतं ते
गंजलेल्या पत्र्याच्या रंगाचं.
'दिसणार बरं का,' म्हणाली.
दिसतंय.

मग नाकाशी धरून हुंगली
आणि माझ्याकडे बघितलं,
नर्सबाईच्या मुलीकडे बघू नये तसं:
'फार धुता तुम्ही. खळ कधीच गेली हिची.
घोंगडं असं जपत्यात व्हय?
त्याला पाऊस लागतो, धूर लागतो,
रोज कुणाचं तरी अंग लागतं.
कोंडलं की कसर येणारच.'

मी काही बोलले नाही.
एकवीस गुणिले रिठे, मनात मोजत होते.

आता ती दिवाणासमोर अंथरलेली असते.
मांजर बरोबर तांबड्या गोलावर झोपते.
पहिली पाळी सुटली की कधी बानू येते,
मोजे काढते, पाय पसरते.
काल तिच्या बशीतून चहा सांडला.
मी उठले, रिठ्यांच्या डब्याकडे निघाले,
तर तिनं माझं मनगट धरलं,
जरा घट्टच.
चहा लोकरीवर थेंबा-थेंबानं उभा होता,
आत जायचं की नाही, ठरत नसल्यासारखा.