एक ते चार

नकाशा म्हणतो, घाणेकर रेडिओ सर्व्हिस
आत्ता उघडं आहे.
नारायण पेठ, मोदी गणपतीच्या मागचा बोळ,
चार पूर्णांक सहा तारे,
रात्री नऊला बंद होईल.

बाबांना जाऊन तीन वर्षं झाली.

हयातीत त्यांनी एक ते चार
सख्ख्या जावयासाठीही शटर वर केलं नाही.
पाटी होती. अजून आहे, त्यांच्याच अक्षरात:
'दुपारी एक ते चार बंद. शेजारी चौकशी करू नये,
तेही झोपलेले असतात.'
आणि आता गेल्यावर
बारा महिने तेरा काळ उघडे.

ती वेळ कुणी भरली, मला ठाऊक नाही.
एखाद्या पोराने भरली असेल जाता जाता,
गुण मिळतात म्हणे त्याचे.

लोक येतात. भर उन्हात.
परवा बाणेरहून एक मुलगी आली, आजोबांचा मर्फी
ओढणीत गुंडाळून, पोटाशी धरून,
आजारी मांजर आणावं तसा.
तिने मला स्क्रीन दाखवला.
मी तिला शटर दाखवलं.
ती पुन्हा स्क्रीनकडे बघत म्हणाली,
"पण उघडं दाखवतंय."
कुलपावरचा गंज
तिला पुरेसा पुरावा वाटेना.

बाबा 'बिनतारी' म्हणायचे, वायरलेस नाही.
टेबलावर कायम एखादा सेट पाठ उघडी टाकून पडलेला.
माझा पहिला मोबाइल त्याच्याशेजारी ठेवला
की सेट आधी कुरकुरायचा,
तड् तड् तडतड, तेलात मोहरी,
आणि दोन श्वासांनी फोन वाजायचा.
"घे, तुझा येतोय,"
कथलाच्या धुरात डोळे बारीक करून,
मान वर न करता.
एकदा सेट तडतडला आणि फोन वाजलाच नाही.
आम्ही दोघं वाट बघत राहिलो.
"विचार बदलला कुणीतरी," म्हणाले.
कुणी, ते मला माहीत होतं.
त्यांनाही असावं. विचारलं नाही.

गेल्या मंगळवारी बोळाच्या खांबावर पांढरी पेटी चढली.
खोक्याएवढीच, पण वेग म्हणे डोळ्याचं पातं लवायच्या आत.
शिडीवरून मुझम्मिल नावाचा पोरगा ओरडला,
"ताई, इथं रेडिओवाले आहेत ना? जरा डाग द्यायचाय वायरीला."
त्यालाही नकाशानेच सांगितलेलं.

किल्ली सापडली. तेल घालावं लागलं.
दुपारचे अडीच,
पाटी माझ्याकडे बघत होती.
बाबांचा सोल्डर तापायला त्याचा त्याचा वेळ घेतो,
तेवढ्यात त्याने पाणी प्यायलं, पंख्याखाली घाम पुसला,
मग एक थेंब चांदीसारखा, एक फुंकर,
आणि तो वास.
मी जरा आत गेले. मसाल्याच्या डब्यांचं काही बघायचं होतं.

पैसे घेतले नाहीत.
त्याने जाता जाता पाच तारे दिले:
'बाई चांगल्या. दुपारीपण चालू असतं.'

पेटीचा दिवा हिरवा झाला तेव्हा
एक सेट लावून पाहिला, फोन शेजारी ठेवला.
फोन वाजला.
सेट गप्प. ना कुरकुर, ना सूचना.
नवं जाळं पाय न वाजवता आत येतं.
कर्ज हवंय का, एक बाई विचारत होती,
गोड, न थकता.
बाई नव्हतीच ती.

आज फोननेच विचारलं:
घाणेकर रेडिओ सर्व्हिस कायमचं बंद झालं आहे का?
हो. नाही. खात्री नाही.

अंगठा 'हो'वर नेला.
बाणेरची मुलगी आठवली, तिचा मर्फी
अजून माझ्या शिलाई मशीनवर आहे, ठेवून घेतला मी.
भिंतीवरच्या घड्याळात सव्वा वाजलेला.

फोन पालथा घातला
आणि डोळे मिटले.
चार वाजता बघू.