कांडी

सकाळी साडेसातला मालकानं स्टूल दाखवलं.
"व्यंकटेश, आता इथं."
इथं म्हणजे कांडी मशीनवर,
खिडकीजवळ, बायकांच्या रांगेत.
चार माग माझे होते माघापर्यंत,
दोन पुढ्यात, दोन पाठीशी,
त्यांच्यामधल्या बोळात मी
एका पाळीला किती चालत असेन
कुणी मोजलं नाही. मीही नाही.

स्टुलाचा एक पाय आखूड,
खाली पुठ्ठ्याची घडी.
म्हटलं, जमेल आपलं.

डॉक्टर म्हणाले, हाड जुळलं.
आमच्यात जुळलं म्हणत नाहीत, सांधलं म्हणतात.
तुटलेला ताणा सांधला की चादर पुढं जाते,
गिऱ्हाइकाला दिसत नाही,
पण उलट्या बाजूनं बोट फिरवलं
तर गाठ लागते.
माझी गाठ गुडघ्याखाली चार बोटं.
आता थंडी पडतेय. पहाटे आधी ती उठते, मग मी.

अक्कलकोट रोडवर, रात्रपाळी सुटल्यावर,
उसाची दुसरी ट्रॉली दिसलीच नाही.
पहिली गेली, मी सायकल वळवली.
मागं दिवा नव्हता, तांबडी पट्टी नव्हती,
नुसता ऊस, अंधाराच्याच रंगाचा.
पंचनाम्यात लिहिलंय: सायकलस्वाराची हयगय.
हयगय म्हणजे काय, लेकीला विचारलं.
"नाना, म्हणजे लक्ष नव्हतं."
चार मागांवर एकदम असायचं ते लक्ष
एका रस्त्यावर नसेल?

नऊ महिने मी खाटेवर, नागमणी उंबऱ्यात,
मांडीवर सूप, सुपात पत्ती न् तंबाखू.
रोजच्या हजार विड्या, मग बाराशे.
दवाखान्याचं बिल तिनं रुपयांत सांगितलंच नाही.
"तुमचा रॉड दीड लाख विड्यांचा," म्हणायची
आणि कात्री वाजवायची.
रात्री झोपेतही तिची बोटं वळत असायची
रिकाम्या हवेची विडी.

आज कारखान्यात शिरलो तर आवाज अंगावर आला.
सत्तावीस वर्षं तो मला
ऐकूच आला नव्हता.

राजमणीनं धागा लावायला शिकवलं,
नव्या सुनेला दाखवावं तसं: एकदाच.
कांडी भरते, सुटते, दुसरी लावायची.
या कांड्या माझ्याच मागांवर जातात,
नव्या पोराकडं. इरफान नाव.
बरा आहे. घाई करतो.

अकराच्या सुमाराला तीन नंबर अडखळला.
पाठ होती माझी, तरी कळलं,
धोट्याचा ठोका अर्ध्या श्वासानं उशिरा.
उठलो. कुबडी भिंतीलाच राहिली.
चौदा पावलं. पोहोचेपर्यंत
पोरानं माग थांबवून गाठ मारलीही होती.
"काका, काय पाहिजे?"
काही नाही म्हटलं.
परत चौदा पावलं. येतानाची लांब होती.
त्यांचे पैसे कुठल्याच दरात बसत नाहीत.

राजमणीनं मान वर न करता विचारलं, "नोप्पी?"
"नाही, दुखत नाही," मी म्हणालो.
घरी तेलुगू बोलतो आम्ही.
खोटं बोलायला मला मराठी सोपी पडते.

संध्याकाळी सहा. रस्त्याच्या कडेला उभा.
हंगाम सुरू झालाय, हवेत उसाचा ओला वास.
नागमणीनं माझ्या पिशवीला मागून शिवलीय
गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांची चांदी,
नऊ महिन्यांची, चौकटी-चौकटींत.
कुणाचा दिवा पडला की चमकते म्हणे,
मला कशी दिसणार, माझ्या पाठीवर असते.

बायका ओलांडून गेल्या.
ट्रॅक्टर येतो. पहिली ट्रॉली. मी थांबतो.
दुसरी. थांबतो.
पाचट उडतं, खाली बसतं.
मग काहीच नाही, पार लांबवर मोकळा रस्ता,
आणि मी अजून उभाच.
पलीकडून राजमणी ओरडते, "या की ओ!"
तिसरी नसते,
हे मलाही माहीत आहे.