आठवा टेक

फारीमच्या धक्क्याला तेरा पायऱ्या.
वरून चौथी पोर्तुगीज असतानाच फुटली.
पुढे स्वातंत्र्य आलं, सिमेंट आलं नाही.

केकुटा परतला तो उसना कॅमेरा घेऊन,
मुदत संपलेली नऊ रिळं
आणि लिस्बनच्या थंडीत कमावलेला खोकला.
"माझं काम तू कर," म्हणाला,
"मला मी जमत नाही."
मी इन्फाली, नावाडी,
या नदीचे दोन काठ सोडून कुठेच न गेलेला.
त्याने मला त्याचा कोट घातला. बाह्या आखूड.

कागदावर एवढंच होतं:
बावीस वर्षांनी एक माणूस होडीतून उतरतो,
पायऱ्या चढतो.

चढलो. सात वेळा.
सातही वेळा चौथी आली की
पाय आपसूक लांब पडे.
"तुला ठाऊक आहे ती कुठे आहे!" तो ओरडला,
"ठाऊक नसल्यासारखा चाल."

कसं चालतात, ठाऊक नसल्यासारखं?
ज्या रात्री त्याला न्यायला जीप आली
(त्याचेच सोबती; त्यानेच लिहिलेली घोषणा
भिंतीवर अजून ओली)
वल्ह्यांना फडकी गुंडाळून
मीच नेलं होतं त्याला पलीकडे.
तेव्हा याच पायऱ्या तो धावत उतरला,
काळोखात,
एकदाही न अडखळता.

रीळ संपत आलं होतं.
त्याने कोट माझ्या अंगातून ओढून काढला, स्वतः घातला.
"असं. बघ," म्हणाला,
आणि मला दाखवायला चढू लागला.

चौथीवर पडला.
तळवे सोलले, चष्मा चिखलात.
न्हिमाने कॅमेरा बंद केला नव्हता.

मासळीची पाटी उतरवून म्हातारी मुसुबा
त्याच्याकडे बघत राहिली खूप वेळ.
मग म्हणाली,
"सगळ्यात आधी ही पायरी बांधू, असं
भाषण ठोकणारा तो तूच ना रे?"
तो हसायला लागला. हसता हसता खोकला,
खोकता खोकता त्याचं काय झालं
ते रिळात नाही. रीळ तिथे संपतं.

भाताच्या कोठारावर चादर बांधून
पाऊस सरल्यावर तो सिनेमा दाखवला.
जनरेटर दोनदा रुसला.
होडी आली, कोट आला, पायऱ्या आल्या,
आणि तो पडायच्या आत
सगळं गाव एका आवाजात ओरडलं:
"चौथी!"

माझ्या शेजारी, बाकावर बसल्या बसल्या,
केकुटाने पाय उचलला.