सतरावं घर

वार्दोत नोव्हेंबरअखेर सूर्य निघून जातो,
जाताना धड सांगतही नाही.
तेव्हा तूरबियर्ग मेणबत्ती काढायची,
पांढरी, माझ्या हाताएवढी लांब.
मेण रंग धरत नाही.
आधी स्पिरिटचा बोळा फिरवायचा,
मग रंगात साबणाचा एक थेंब.
"जास्त नको, आइलिफ, फेस नाही काढायचा."

लोक एक ते चोवीस आकडे काढतात,
नाताळापर्यंत रोज एक जाळायला.
तिनं घरं काढली.
बत्तीस वर्षं जिथं टपाल टाकलं ती,
वरून खाली, त्याच क्रमानं:
बेकरी, लाल छपराची शाळा,
कुत्रा चावायचा ते हाल्डिसचं.
खिडक्या मात्र मला दिल्या.
तिचा हात थरथरायचा, माझा घाईत होता.
खिडक्या सगळ्या तिरप्या.

सतराव्या घराला तिनं नुसतं दार काढलं, उघडं.
"इथं कोण?"
ती ब्रश पाण्यात हलवत राहिली.
"होता एक. त्याला कुणाची पत्रं येत नसत.
मग स्वतःच स्वतःला लिहायचा,
गुरुवारी पेटीत टाकायचा,
म्हणजे सोमवारी मला यावं लागे."

रोज संध्याकाळी एकेक घर वितळत गेलं.
बेकरी बशीत ओघळली. शाळा गेली.
सोळावं संपलं तशी तिनं फुंकर घातली.

दुसऱ्या दिवशी मी वेळेवर गेलो.
टेबलावर साधी, बिनरंगाची मेणबत्ती जळत होती.
बाजूला ती, तोकडी, काळ्या वातीची,
दार उघडंच.

मी काही विचारलं नाही.
कॉफी निवत होती, दोन कप.
मला तर ती दूध द्यायची.